धुराच्या डोंगराखाली रोडगे

आमची वर्षा लग्न होऊन गेली तेव्हाच मी तिला सांगून टाकलं होतं, "तुले यायचं तवा येत जाय, मी काही समुद्र ओलांडून येनार नाही." जावई प्रशांतराव नागपूरच्या धरमपेठेतले, शिकलेले, पण नोकरी धरली ती पापुआ न्यू गिनी नावाच्या देशात, आणि त्यातही एका वेगळ्या पडलेल्या बेटावर. तिथं ते एका मोठ्या दुकानाचे मॅनेजर आहेत. गावाचं नाव राबौल. ते माझ्या जिभेवर बसायलाच बरेच दिवस गेले. पारशिवनीच्या बाजारात कोणी विचारलं, तर "सिंगापूरच्या पुढं" म्हणून मी मोकळा व्हायचो.

मग एकदा फोनवर बोलता बोलता वर्षा म्हणाली, "बाबा, इथं कोंबडीसारखा एक पक्षी आहे. थो अंडी उबवतच नाही. डोंगराजवळची गरम माती खनते, त्यात अंडं घालते अन् चालला जाते. पिल्लू आपलं आपन निंगते."

मी हातातला तंबाखू-सुपारीचा खर्रा खाली ठेवला. "त्या डोंगरातून धूर निंगते काय?"

"निंगते ना."

"समोर समुद्र आहे?"

"हो. काहून जी?"

"टिकट काढ," मी म्हटलं.

यामागची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. माझे मोठेबाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ सदाशिव, दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी फौजेत गेले. सिंगापूरला जपान्यांच्या हाती सापडले. सोबतचा खापा गावचा दौलत तेवढा परत आला. तो आमच्या गावी येऊन आजीला सांगून गेला, की जपान्यांनी आम्हाला जहाजात कोंबून एका बेटावर नेलं, डोंगराच्या पोटात भुयारं खणायला लावली, अन् सदू तिथंच गेला. आजीनं विचारलं, कसं होतं ते बेट? दौलत म्हणाला, समुद्राच्या काठी डोंगर, डोंगरातून धूर, आणि तिथल्या कोंबड्या गरम मातीत अंडी पुरून निघून जातात. आजी म्हणाली, ज्याच्या कोंबड्या खोट्या त्यानं सांगितलेलं मरणही खोटं. माझा सदू येईन.

तिनं गावच्या मारुतीला नवस बोलला होता, सदू घरी आला की साऱ्या गावाला रोडग्याचं जेवण. जे आमच्याकडचे नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. जाडसर कणकेचे गोळे गोवरीच्या निखाऱ्यात भाजतात, तुपात बुडवतात, आणि वांग्याच्या भाजीसोबत अन् वरणासोबत खातात. सदू आला नाही, नवस फिटला नाही. तो फिटेपर्यंत आमच्या घरी रोडगे करायचे नाहीत असा आजीचा दंडक. लोकांच्या वावरात जाऊन मी जन्मभर रोडगे खाल्ले, भाजणाऱ्याला दोन गोष्टी शिकवल्याही, पण आमच्या विस्तवात रोडगा कधी पडला नाही. आजी गेली, वडील गेले, नवस माझ्याकडं आला. माझ्या मुलाला यातलं काही ठाऊक नाही. माझ्यामागं हा नवस अर्धवट लोंबकळत राहिला असता, ते मला नको होतं.

उतरताना

विमानाबद्दल सांगण्यासारखं काही नाही. बसायचं अन् उतरायचं. खरी गोष्ट उतरल्यावर झाली.

मी घरून कणीक, तूप आणि गोवऱ्या घेतल्या होत्या. परक्या मुलखात गोवरी कशी मिळते कोणाला ठाऊक, म्हणून आमच्याच गाईच्या शेणाच्या, चांगल्या खडखडीत वाळलेल्या, बुढीच्या, म्हणजे सोबत निघालेल्या माझ्या बायकोच्या, जुन्या लुगड्यात गुंडाळून पेटीत ठेवल्या. पेटी तपासणारी बाई जाडजूड, हसतमुख होती. तिनं एक गोवरी उचलली, उलटीपालटी केली, वास घेतला आणि मला विचारलं. तिची भाषा मला येईना, माझं हिंदी तिला येईना. मी डोक्यावर दोन बोटं धरून गाईसारखा हंबरलो. ती खूश झाली. तिला वाटलं खेळणं आहे. मग मी हात मागं नेऊन गोवरी कुठून येते ते दाखवलं. तिनं गोवरी टाकली आणि हातमोजे मागवले.

गोवऱ्या गेल्या, कणीक गेली, तूपही गेलं. बुढीच्या पर्समधली शेंदराची पुडी तेवढी राहिली, कारण ती त्यांना बायकांची पावडर वाटली.

"म्या नागपूरलेच म्हटलं होतं," बुढी म्हणाली.

"काय म्हटलं होतं?"

"का गोवऱ्या घेऊन कोनी विमानात बसते काय."

"तू तं असंही म्हटलं होतं, का लोनचं घे."

"लोनचं आहे माह्या ब्लाउजच्या बॅगेत," ती म्हणाली. "थे नाही सापडलं त्यायले."

राबौल

डोंगर पाहिला आणि मला पहिल्यांदा आपल्याकडच्या कोळसा खाणीची आठवण झाली. खाणीतून काढलेल्या मातीचे ढिगारे असतात ना, तसाच काळा, बोडका, वर गवताची काडी नाही. फक्त याच्या डोक्यातून धूर निघत होता आणि पायाशी निळाभोर समुद्र होता. काही वर्षांपूर्वी हा डोंगर फुटला तेव्हा अर्धं गाव राखेत दबलं. अजूनही खणलं की घराचं छप्पर लागतं. वर्षा म्हणाली, "वारा फिरला का साऱ्या घरात राख होते." मी म्हटलं, आपल्याकडं बिजलीघराची होते, त्यात काय.

उन्हाचंही तसंच. जावई म्हणाले, "मामाजी, टोपी घाला, इथलं ऊन कडक असतं." नागपूरचा मे महिना काढणाऱ्या माणसाला हे सांगत होते. मी टोपी घातली नाही. दुपारपर्यंत सदरा असा भिजला की विहिरीतून काढल्यासारखा. ऊन आपल्यापेक्षा हलकंच आहे, हे मी आजही म्हणतो. घाम तेवढा जास्त आहे.

वर्षाचं घर भाड्याचं. घरमालकीण रेचलबाई माझ्याच वयाची, केस पांढरे कापसासारखे, तोंड लालभडक. ते लाल तोंड पाहून मला बरं वाटलं. इथंही आपली माणसं आहेत. तिथले लोक हिरवी कच्ची सुपारी चुना लावून, मोहरीसारख्या एका शेंगेबरोबर चावतात. रेचलबाईंनी मला दिली. वर्षा म्हणाली, "बाबा, थोडीशीच घ्या." मी जन्मभर खर्रा खाल्लेला माणूस, मला सुपारी शिकवते. मी अख्खी तोंडात टाकली. थोड्या वेळानं कान गरम झाले, मग घर हळूच एका बाजूला झुकलं, आणि मी पायरीवर बसलो होतो तो पायरीवर आडवा झालो. रेचलबाई काही बोलली. वर्षा हसून हसून खाली बसली.

"काय म्हनते थे?" मी विचारलं.

"म्हनते, लहान पोरायले आम्ही अर्धीच देतो."

दुसरी गोष्ट मला अजून पचली नाही. तिथं जमीन आईकडून लेकीकडं जाते. घर रेचलबाईंचं, वाडी रेचलबाईंची, त्यांच्यानंतर त्यांच्या पोरीची. त्यांचा नवरा त्याच्या बहिणीच्या वाडीत राबतो. मी विचारलं, मग माणसाचं काय? रेचलबाई म्हणाली, माणसाला बहीण असते ना. आमच्या बुढीनं हे वर्षाकडून दोनदा समजावून घेतलं. त्या दिवसापासून ती मला येताजाता "आयकलं काय" एवढंच म्हणते. पुढचं म्हणत नाही.

अंडं

जावयांनी आम्हाला डोंगराच्या पायथ्याशी नेलं. तिथं समुद्राच्या अगदी काठावर उकळत्या पाण्याचे झरे आहेत. वाळू इतकी गरम की चप्पल पातळ लागते. एक माणूस खांद्यापर्यंत मातीत हात घालून अंडी काढत होता. कोंबडीच्या अंड्यापेक्षा केवढं तरी मोठं, तांबूस. जावयांनी विकत घेतलं, झऱ्यात उकडलं. आत सारा बलकच बलक.

मी ते अंडं हातात धरून बराच वेळ बसलो. बुढीनं विचारलं, "काय झालं जी?"

"दौलत खरं बोलत होता," मी म्हटलं. "बिचाऱ्याले आमच्या आजीनं दारातून वापस लावलं होतं."

मग ते खाल्लं. मीठ पाहिजे होतं.

त्याच दिवशी भुयारं पाहिली. डोंगराच्या कडेला काळं भोक, आत वाकून जावं लागतं. भिंतीवर कुदळीचे घाव जसेच्या तसे. आपल्याकडं विहीर खणली की असेच घाव दिसतात. मी एका घावावर बोट ठेवलं. जावई म्हणाले, हे हजारो लोकांनी खणलंय मामाजी. मला ठाऊक आहे. तरी ठेवलं.

दगड

गावाबाहेर युद्धात मेलेल्यांची मोठी बाग आहे. हिरवंगार गवत, ओळीनं बसके दगड, प्रत्येकावर पितळेची पाटी. मला इंग्रजी येत नाही, वर्षा वाचत चालली. गोऱ्यांची नावं होती, वय होतं. मग आपल्या फौजेच्या ओळी आल्या आणि वर्षा न वाचताच पुढं सरकू लागली.

"वाच ना वं."

"नाव नाही बाबा. नुसतं लिहिलं आहे, हिंदुस्थानी फौजेचा शिपाई. याच्यावरही तेच. याच्यावरही."

मी पुढं गेलो, मागं आलो. कोणता सदाशिव, कसं कळणार? तिथंच माझं ठरलं. रोडगे इथं करायचे.

जावई म्हणाले, "मामाजी, पण नवस तर घरी आल्यावरचा होता."

"थो नाही येऊ शकला."

"मग नवस लागूच होत नाही."

"जावईबुवा," मी म्हटलं, "हे दुकानातल्या वॉरंटीसारखं नसते."

बागेचा रखवालदार मात्र खाण्याचं नाव काढताच हात हलवायला लागला. अन्न ठेवायचं नाही, कुत्री येतात, मुंग्या होतात. मी वर्षाला म्हटलं, त्याले सांग, ठेवायचं नाही, फक्त दाखवायचं. नैवेद्य दाखवून उचलून घ्यायचा.

रखवालदारानं विचारलं, "म्हणजे तो खात नाही?"

"थो पायते," मी म्हटलं. "खातो आपन."

त्यानं थोडा विचार केला आणि म्हणाला, मग मलाही बोलवा.

भोंगा

आता गोवऱ्या नव्हत्या. बुढी म्हणाली, गॅसच्या भट्टीत करू. मी म्हटलं, नवसाचे रोडगे भट्टीत? मला युक्ती सुचली होती. जिथं अंडं शिजतं तिथं रोडगा का शिजणार नाही? धरतीचीच चूल, फुंकायलाही नको.

"तुमी कधी बनवले होते?" बुढीनं विचारलं.

"पाहिले आहेत जन्मभर."

"पाहून तं मी विमानही पाहिलं."

जावयांच्या दुकानातली कणीक मैद्यासारखी बारीक. बुढीनं त्यात रवा घालून ती जाडसर केली. मी गोळे केळीच्या पानात गुंडाळले, झऱ्याजवळची वाळू खणून खड्डा केला, गोळे आत पुरले, वर खुणेला काठी रोवली. मग झाडाखाली बसलो. बुढी आणि वर्षा शेजारी. वाळूवर गावातली पोरं जमली होती, ती मला काही सांगत होती आणि समुद्राकडं बोट दाखवत होती. मला वाटलं, जहाज दाखवतात. मी मान डोलावली.

आता इथं माझी चूक काय, तुम्हीच सांगा. आमचं गाव देशाच्या मधोमध. आमच्याकडं पाणी वाढतं ते पेंचच्या धरणातून सोडलं तरच, आणि सोडायच्या आधी भोंगा वाजतो. भोंगा वाजला की नदीतली ढोरं काढायची, मोटर काढायची. समुद्र आपल्या मर्जीनं रोज पुढं येतो अन् मागं जातो, हे मी ऐकलेलं होतं, पण तो असा चोरपावलानं येतो हे कोणी सांगितलं नव्हतं. पाहतो तर काठी पाण्यात. मी धोतर खोचून धावलो. हात घातला तर वरून समुद्राचं थंड पाणी, खालून झऱ्याचं उकळतं. पानं सुटली, कणकेची लापशी झाली आणि मासे जमले. पोरं हसून वाळूत लोळत होती.

बुढी हसली नाही. त्यावरून मला कळलं की माझं तोंड कसं झालं असेल.

घरी येऊन मी पायरीवर बसलो. "इथंही नाही घेत मारुती," मी म्हटलं. "चाला परत."

रेचलबाई कुंपणापाशी उभी राहून सारं ऐकत होती. वर्षानं तिला गोष्ट सांगितली, आजीपासून. मला वाटलं, ही हसणार. ती हसली नाही, उलट तिला यात काही नवल वाटलं नाही. ती म्हणाली, "आमच्याकडं मेलेल्यांचं मोठं जेवण वर्षांनी होतं. घरचे तयार झाले की करतात. तोवर मेलेला वाट पाहतो, त्याला काय घाई आहे?" मग म्हणाली, तिची आई सांगायची, ते फेटेवाले शिपाई हाडं उरेपर्यंत वाळलेले होते, आई त्यांच्या वाटेवर भाजलेली केळी ठेवून यायची. नावं तिलाही ठाऊक नव्हती.

"आन थे कनकेचे गोळे," ती बोलली ते वर्षानं असं सांगितलं, "उद्या माह्या तापल्या दगडावर भाजू."

जेवण

त्यांची रीत अशी. दगड विस्तवात लाल होईपर्यंत तापवतात, खड्ड्यात पसरतात, वर केळीची पानं, त्यात रताळी, भाजी, कोंबडी, नारळाचं दूध, पुन्हा पानं, पुन्हा दगड. मी म्हटलं, गोवरीशिवाय रोडग्याला वास येणार नाही. रेचलबाईंनी मला नारळ खरवडायला बसवलं. आमच्या बुढीनं मला तसं बसवायला सारा जन्म घालवला, तिला जमलं नव्हतं. दोघी एकमेकींची भाषा न कळता दिवसभर बोलत होत्या. बाजारात वांगी मिळाली, मसुरीची डाळ मिळाली. तुपाच्या जागी नारळाचं दूध. मी त्यावर काही बोललो नाही, कारण कोणी विचारलं नाही.

पहिला रोडगा दगडावरून निघाला तो वरून तांबूस, आतून मऊ. वास गोवरीचा नव्हता. केळीच्या पानाचा होता, धुराचा होता.

पानात रोडगा, भाजी, वरण वाढून आम्ही त्या बागेत गेलो. मागून रेचलबाईंचा सारा गोतावळा, रखवालदार पुढं. डोंगराचा एक काळा दगड मी सोबत घेतला होता. त्याला शेंदूर लावला, मारुती झाला. पान त्याच्यासमोर धरलं. मग त्या बिननावाच्या ओळींसमोरून पान घेऊन चालत गेलो, एकेका दगडापाशी थांबलो. एकही सोडला नाही. कोणी एक सदाशिव असेल, बाकीच्यांच्या घरीही कोणी काही बोललं असेल.

मोठ्यानं म्हणायचं असं मी काही ठरवलं नव्हतं. "मोठेबाबा," मी म्हटलं, "आजीचे रोडगे आनले. घ्या."

बुढीनं मागून सांगितलं, "उशीर झाला म्हना."

"उशीर झाला," मी म्हटलं.

मग रेचलबाईंच्या अंगणात साऱ्यांनी खाल्लं. रखवालदारानं चार खाल्ले आणि वर्षाला विचारलं, हे पाहुणे पुढच्या वर्षीही येणार काय.

परत

आपल्या मारुतीसमोरचं जेवण उरलंच होतं. आल्यावर आठ दिवसांत वावरात आमच्या गाईच्या गोवऱ्या रचल्या आणि मी स्वतः रोडगे भाजले. साऱ्या गावानं सूचना केल्या, मी एकही ऐकली नाही. बाहेरून कोळसा झाले, आतून पीठ राहिलं. बुढी म्हणाली, "रेचलबाईले बलवून घ्या." गावानं तरी खाल्ले. नवसाचं कोणी टाकत नाही.

पहिला मारुतीला ठेवला. दुसरा फडक्यात बांधून मी एसटीनं खाप्याला गेलो. दौलतचा नातू तिथं कपडे शिवतो. मी नाव सांगितलं, गाव सांगितलं. त्यानं मशीन थांबवली.

"आमचा बुढा तुमच्या गावाचं नाव घे," तो म्हणाला. "लोक त्याले कोंबडीवाला म्हनत. अंड्याची गोष्ट काढली का सारा खापा हासे. आखरीले त्यानं सांगनंच सोडलं."

"म्या ते अंडं खाऊन आलो," मी म्हटलं. "भल्लं मोठं असते. आत सारा बलक."

मी फडकं त्याच्यापुढं ठेवलं. मग त्यानं फडकं सोडलं, रोडगा फोडला, एक घास तोंडात टाकला आणि हळूच चावला.

"बाबाजी," तो म्हणाला, "आतून कच्चा आहे."

"खाय," मी म्हटलं. "आमच्या घरचे पहिलेच आहेत."